स्ट्रीक, दोन खाती आणि तालमीतला दादा

रविवार, रात्र

दहावीतला भाचा सुट्टीसाठी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आमच्याकडे राहायला आला आहे. त्याच्या मोबाइलबद्दल घरातल्या मोठ्यांचा एकच शेरा असतो, 'दिवसभर रील्स बघतो.' आज त्याच्याजवळ बसून पाहिले, तेव्हा रील्सपेक्षा अधिक वेळ मैत्री राखण्यात जातो असे दिसले. स्नॅपचॅटवर दोघांनीही दर चोवीस तासांच्या आत एकमेकांना स्नॅप पाठवला तरच 'स्ट्रीक', म्हणजे सलग दिवसांची मोजणी, टिकते. म्हणून हा मुलगा उठल्याउठल्या छताच्या पंख्याचा फोटो काढून सगळ्यांना धाडतो. परीक्षेच्या काळात ज्यांचे मोबाइल घरचे काढून घेतात, ती मुले आपला पासवर्ड विश्वासातल्या मित्राकडे सोपवतात. परगावी जाताना आपण शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवतो, तसा हा व्यवहार आहे.

इन्स्टाग्रामवर त्याची दोन खाती आहेत. एकावर आम्ही नातेवाईक असतो, तिथे रंकाळ्याचे आणि अंबाबाईच्या देवळाचे फोटो. दुसरे मोजक्या मित्रांसाठी. मला यात लपवाछपवी वाटत नाही. आत्यासमोर आणि कट्ट्यावर एकाच भाषेत बोलणारी मुले आमच्याही पिढीत नव्हती.

2025 मध्ये इन्स्टाग्रामने भारतातही अल्पवयीनांसाठी वेगळी खाती आणली. ती आपोआप खाजगी राहतात, रात्री दहा ते सकाळी सात सूचना वाजत नाहीत, आणि सोळा वर्षांखालील मुलाला हे निर्बंध सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. त्याबद्दल विचारले, तर तो हसून म्हणाला, "आत्या, जन्मसाल कोण खरं घालतंय?"

खरा धाक त्याला निराळ्याच माणसाचा आहे. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर तालमींच्या, म्हणजे पेठापेठांतल्या मंडळांच्या, संघांचे सामने होतात. पूर्वी तिथली चिडवाचिडवी फार तर पेठेच्या कोपऱ्यापर्यंत येई; आता ती स्टेटसवर रात्रभर चालते आणि स्टेटस काढून टाकले तरी स्क्रीनशॉट फिरत राहतात. स्टेटस किती दूर जाऊ शकते, हे कोल्हापूरने जून 2023 मध्ये पाहिले आहे: काही आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव उसळला आणि इंटरनेट बंद करावे लागले. तेव्हापासून, भाचा सांगतो, सामन्याबद्दल काही टाकण्याआधी तो तालमीतल्या एका मोठ्या मुलाला दाखवतो, आणि 'हे नको' म्हटले की टाकत नाही.

ॲपची सेटिंग चुकवणारा हा मुलगा दादाचा शब्द मोडत नाही, कारण दादाशी रोज गाठ पडते. हे ऐकून मला बरे वाटले, पण पूर्ण निर्धास्त मात्र वाटले नाही. सगळी भिस्त त्या दादावर आहे, आणि 'हे नको'ऐवजी 'टाक बिनधास्त' म्हणणारे दादाही पेठेत असतातच. उद्या वहिनीला फोन करून हा दादा कोण, त्याच्या घरी कोण असते, एवढे तरी विचारणार आहे.