पान नंबर सांगा, माल देतो : आमची वाटचाल

वडिलांनी चिपळूणच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान टाकलं तेव्हा दुकानात माल थोडा आणि कॅटलॉगच जास्त होते. भांडवल बेताचं, त्यामुळे सगळ्या मापांचा माल भरून ठेवणं परवडणारं नव्हतं. मुंबईतल्या लोहार चाळ आणि नागदेवी स्ट्रीटच्या व्यापाऱ्यांकडून पुस्तकं आणायची, काउंटरवर मांडायची, गिऱ्हाइकाने पान दाखवायचं आणि पुढच्या पार्सलला माल मागवायचा, असा धंदा. फळीवर बिजागऱ्या दोन जातीच्या असत, पण पुस्तकात हव्या तेवढ्या. समोरच्या दुकानात माल भरपूर होता, तरी मिस्त्री लोक आमच्याकडे येत, कारण आम्ही पुस्तक हातात देत होतो. बाकीचे ते गल्ल्याखाली ठेवत.

चांगल्या कॅटलॉगमध्ये वस्तूचं रेखाचित्र असतं, त्यावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं आणि खाली मापांचं कोष्टक. बिजागरी असेल तर लांबी, रुंदी, पत्र्याची जाडी, भोकं किती, स्क्रू कोणत्या नंबरचा आणि डझनाचं वजन. यातलं वजन सगळ्यात महत्त्वाचं. दोन ४ इंची बिजागऱ्या फोटोत हुबेहूब सारख्या दिसतात, पण वजनात कमी असलेली सागवानी दाराखाली वर्षभरात लोंबते.

आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे गुहागर रोडवरचे एक पंपमिस्त्री. सगळा बाजार त्यांना मामा म्हणतो. इंग्रजी वाचता येत नाही, पण पंपाचं सुटं करून काढलेलं चित्र ते आमच्यापेक्षा जलद वाचतात. फोन आला की नुसतं एवढंच, "निळं पुस्तक, पान बासष्ट, सात नंबर." सात नंबर म्हणजे मेकॅनिकल सील, पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवणारा भाग. अख्खा पंप बदलायचा खर्च या एका आकड्याने वाचतो. मामांनी आमच्या पुस्तकांत समासात पेन्सिलीने शेरे मारून ठेवलेत. एका फूट व्हॉल्वच्या (विहिरीत पाइपाच्या तोंडाला बसणारी जाळीची झडप) चित्रापुढे लिहिलंय, "घेऊ नये. पॅकिंग मिळत नाही." दुसरीकडे, "चिऱ्याच्या विहिरीला जाळी बारीक, चोंदते." हे शेरे वाचून दुसऱ्या मिस्त्रींनी माल निवडलाय.

दर मात्र कॅटलॉगमध्ये नसायचा. दरपत्रक वेगळं यायचं, दर बदलला की तेवढंच बदलायचं. त्यावर सूट, चाळीस अधिक दहा. नव्याने दुकान टाकणाऱ्याने हे पाठ करावं: चाळीस अधिक दहा म्हणजे पन्नास नव्हे. १०० चे आधी ६० होतात, मग ६० वर दहा टक्के, म्हणजे ५४. सूट ४६ टक्के पडली. या चार रुपयांत कित्येकांचा वर्षाचा नफा गेलेला आम्ही पाहिलाय.

कोकण रेल्वे आली, बंगले वाढले, धंदा बरा चालला. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग आमच्या एका मोठ्या पुरवठादाराने छापील कॅटलॉग बंद केला. नाव लिहीत नाही, बाजाराला माहीत आहे. म्हणाले, आता सगळं मोबाइलवर आहे, बघून घ्या. त्याच सुमाराला किमान ऑर्डर एवढी वाढवली की आमच्यासारख्या दुकानाला वर्षाचा माल एकदम उचलावा लागेल. आणि त्यांचाच माल ऑनलाइन, आमच्या खरेदीभावाच्या खाली. आम्ही पत्र लिहिलं, उत्तर नाही. विक्री प्रतिनिधी यायचा बंद झाला. इतक्या वर्षांची उधारी वेळेवर फेडलेली, त्याचं एवढंच मोल.

त्यानंतरचा त्रास आणखी वेगळा. माणूस दुकानात येणार, पुस्तक मागणार, पानाचा फोटो काढणार, "विचार करून सांगतो" म्हणून जाणार. आठ दिवसांनी खोक्यातून आलेला चुकीचा तुकडा घेऊन परत, "एवढं बसवून द्या ना, शेठ." बसत नाही. का बसत नाही ते इथे एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

नळाचे आटे मोजपट्टीने मोजले तर २१ मिमी भरतात. म्हणून लोक मोबाइलवर २१ मिमीचा नळ शोधतात. प्रत्यक्षात तो अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश मापाचा, आपल्याकडे चालणारा) आटा असतो, बाहेरून २०.९६ मिमी. 'अर्धा इंच' हे जुन्या पाइपच्या आतल्या भोकावरून पडलेलं नाव, बाहेरच्या मापाशी त्याचा संबंध नाही. पाऊण इंची बाहेरून २६.४ आणि एक इंची ३३.२ मिमी. कॅटलॉगच्या पहिल्या पानांत हे कोष्टक असायचंच. शोधताना ते समोर येत नाही, समोर येतो तो नळाचा चकचकीत फोटो. यात आणखी एक मेख आहे. परदेशी बनावटीच्या फिल्टरला किंवा प्रेशर वॉशरला पुष्कळदा एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, आटे असतात. अर्धा इंचीला दोन्हीकडे इंचात १४ आटे, त्यामुळे दोन-तीन फेरे सरळ बसतात आणि मग जाम होतं. आट्याचा कोन वेगळा असतो, बीएसपीचा ५५ अंश आणि एनपीटीचा ६०. लोक टेफ्लॉन गुंडाळतात आणि पान्याने आवळतात. पितळेचं असेल तर गळत राहतं, टाकीला बसवायची प्लास्टिकची टँक निपल असेल तर तडकते. अ‍ॅडॅप्टर मागा, जोर लावू नका.

पाइपाचं तर त्याहून अवघड. एक इंची म्हणून तीन वेगळे पाइप मिळतात. गरम पाण्याचा सीपीव्हीसी बाहेरून २८.६ मिमी, घरातल्या नळाचा शेड्यूलवाला (इंची मापाचा) यूपीव्हीसी ३३.४ आणि बागेला लागणारा शेतीचा ३२. पहिला डोळ्यांनाच कळतो. फसगत होते ती ३२ आणि ३३.४ मध्ये. ३२ चा पाइप ३३.४ च्या एल्बोत सैल जातो. माणूस सोल्यूशन भरपूर ओततो आणि पोकळी भरली असं समजतो. सोल्यूशन पोकळी भरायला नसतं, ते दोन्ही प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं, त्यासाठी एकावर एक घट्ट बसावं लागतं. दोन दिवस टिकतं, तिसऱ्या दिवशी पंप सुरू झाल्याबरोबर धक्क्याने जोड निघतो आणि कलमांच्या बुंध्यात तळं होतं. हापूसच्या बागेत लाइन टाकायची तर आधी पाइपावर छापलेलं वाचा. आयएस ४९८५ (मिमीतल्या पाइपाचं भारतीय मानक) आणि मिमीतलं माप असेल तर फिटिंगही मिमीतलंच घ्या.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीबद्दल थोडक्यात. ऑनलाइन आलेल्या मांडणीसोबत स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचे ३० मिमीचे प्लग येतात, ते काँक्रीटसाठी ठीक. जांभ्यात त्यातले १५-२० मिमी नुसत्या गिलाव्यातच राहतात आणि आतला दगड भुसभुशीत. ड्रिलचं हॅमर बंद ठेवून भोक पाडा, धूळ फुंकून काढा, ८ मिमीचा लांब प्लग आणि निदान ५० मिमीचा स्क्रू. भोक मोठं झालंच तर सिमेंट भरून प्लग दाबा आणि दोन दिवस हात लावू नका.

स्टीलचंही तेच. 'एसएस' (स्टेनलेस स्टील) एवढंच लिहिलेलं असेल तर ते २०२, म्हणजे हलक्या प्रतीचं, धरून चाला. ते समुद्राजवळ पहिल्याच पावसाळ्यात तांबूस पडतं. चुंबक लावून काही कळत नाही, २०२ ला चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. दाभोळ-गुहागरच्या किनाऱ्यावर दाराच्या कडीला ३०४ घ्या, उघड्यावर खारा वारा थेट लागत असेल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते तग धरतं. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत स्टीलचा स्क्रू मारताना मध्ये नायलॉनचा वायसर घाला, नाहीतर स्क्रू राहील आणि खिडकी खाल्ली जाईल.

मोबाइलवर शोधणं वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. नंबर माहीत असेल तर त्याच्यासारखी सोय नाही. बेअरिंगवर ६२०३ लिहिलंय, तर ते जगात कुठेही १७ बाय ४० बाय १२ मिमीच. पुढे झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणं, टूआरएस म्हणजे रबरी. ड्रिलचे कार्बन ब्रश आम्हीसुद्धा मोबाइलवरच शोधतो. अडतं कुठे, तर वस्तू हातात आहे पण नाव येत नाही तिथे. पुस्तकात पानं उलटता उलटता तिचं चित्र सापडतं, शेजारी तिच्या भावकीतल्या दहा वस्तू दिसतात, आणि पुष्कळदा त्यातलीच एक जास्त बरी निघते.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं. आमच्या भिंतीवरची २००५ च्या पुराची खूणही बुडाली. वेल्डिंग रॉड, मशिनं, एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) प्लाय सगळं टाकावं लागलं. आयएस ७१० चा, म्हणजे मरीन, प्लाय धुऊन-वाळवून शाबूत राहिला. पाण्याखाली राहिलेली बेअरिंगं पुसून विकणारे तेव्हा होते. आम्ही भंगारात घातली. टूआरएसचं झाकण शिंतोडे अडवतं, चिखलात बुडणं नाही.

कॅटलॉगही भिजले. गुळगुळीत आर्ट पेपरचे सगळे गेले, त्या कागदावरचा मातीचा लेप वाळताना पानाला पान चिकटवतो आणि पुस्तकाची वीट होते. ओलं असतानाच पानं सोडवून मध्ये कोरे कागद घालायला हवे होते, पण त्या आठवड्यात पिण्याचं पाणी कुठून आणायचं हाच प्रश्न होता. साध्या कागदावरची जुनी पुस्तकं मात्र सावलीत दोरीवर टाकून वाचली. मामांचं निळं पुस्तक त्यातलंच. पेन्सिलीचं पाण्याने काही बिघडत नाही, शेरे जसेच्या तसे आहेत. शाईने लिहिलेले दर पुसले, ते तसेही जुने झाले होते.

मध्यंतरी त्याच पुरवठादाराचा नवा प्रतिनिधी आला. हातात क्यूआर कोड छापलेला एक कागद, म्हणे यात सगळा कॅटलॉग आहे. चहा दिला, पीडीएफ घेतली. फोटोंची पानं सोडून नुसती मापांची पानं छापली. इंकजेटवर छापू नये, ओल्या हाताने शाई पसरते. लेझरवर, साध्या कागदावर, एका बाजूला. मागची बाजू कोरी ठेवली आणि प्रत्येक पुस्तकाला दोऱ्याने एक पेन्सिल बांधली.