तिथीच्या पाऊणपट

आमच्या मंडळाची वार्षिक सहल कुठल्या रविवारी, हे कार्यकारिणी ठरवत नाही. खजिनदार काका ठरवतात, तेही पंचांग बघून. अर्थात मुहूर्तासाठी नव्हे, ओहोटीसाठी.

सहल दर वर्षी एकच: अलिबाग, चौल-रेवदंडा, कोर्लई आणि वेळ उरला तर मुरूड. "दुसरं कुठं जाऊ या की" असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं आणि दर वर्षी बस अलिबागच्याच रस्त्याला लागते. अलिबागचा कुलाबा किल्ला भरसमुद्रात आहे आणि पाणी ओसरलं तरच तिथं चालत जाता येतं. काकांनी हा हिशेब कोळ्यांकडून उचललेला. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल तेवढ्या वाजता भरती आणि तिच्या साधारण सहा तास आधी ओहोटी. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, म्हणजे सकाळी पावणेदहाला पाणी तळाला. मग बस पहाटे चारला निघणार. त्यावर होणारी बोलणी काका शांतपणे ऐकून घेतात.

एका वर्षी आम्ही त्यांचं ऐकलं नाही. परीक्षा, लग्नं, अमकं-तमकं करत अष्टमीचा रविवार पक्का केला. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी, म्हणजे निवांत उठून निघता येईल, असा आमचा शहाणपणा. काका एवढंच म्हणाले, "वेळ बरोबर आहे, पण अष्टमीचं पाणी भांगाचं, ते लांब जात नाही." भांगाची भरती-ओहोटी म्हणजे काय, हे आम्हाला गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर कळलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, समुद्र जेवढा वर चढतो तेवढाच मागेही हटतो. अष्टमीला तो दोन्हीकडे हात आखडता घेतो. निम्मी मंडळी घोडागाडीत बसली. उरलेली साड्या खोचून, विजारी दुमडून, चपला डोक्यावर धरून निघाली. अध्यक्षांची एक चप्पल समुद्राने ठेवून घेतली ती घेतलीच.

किल्ला १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. मला मात्र दर वेळी तटापाशीच रेंगाळायला होतं. तिथले मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत. लाट येते, पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथंच जिरतो. कान लावला की आतून घोट घेतल्यासारखा आवाज येतो. आणि आत, चहूकडे खारं पाणी असताना, गोड्या पाण्याचा साठा. आमच्यातले एक निवृत्त ओव्हरसियर त्या तटासमोर दर वर्षी तेच व्याख्यान देतात आणि आम्ही दर वर्षी ते ऐकतो.

चौलला पोचेपर्यंत भूक लागलेली असते, त्यामुळे दोन हजार वर्षांच्या बंदरावर थोडा अन्यायच होतो. रेवदंड्यात अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. पंधराव्या शतकात तो घोडा विकायला चौलला उतरला आणि पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडाच अडकवून ठेवला. मंडळात एक जण जुन्नरचे आहेत. "घोडा कधी परत देताय?" हा प्रश्न त्यांना दर वर्षी विचारला जातो. "दिला होता हो परत!" हे त्यांचं उत्तरही ठरलेलं, आणि खरंही.

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, त्यातला ढासळलेला सातखणी मनोरा, हे सगळं बसमधून उतरून-चढून होतं. पाय थांबतात ते खाडीपलीकडे, कोर्लईत. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांना दिला, पण त्यांची भाषा गावातल्या ख्रिस्ती वाडीत मराठीच्या संगतीने वेगळीच होऊन राहिली. एकदा एक आजी ओट्यावर बसून नातवाला रागावत होत्या. शब्द एकही कळेना, पण सूर अगदी आपल्याकडचा. आमच्याकडे वळून चोख मराठीत म्हणाल्या, "अभ्यास करत नाही हो!" भाषेचं नाव विचारलं तर म्हणाल्या, "नो लिंग." म्हणजे आमची भाषा.

मुरूडला बहुतेक वेळा उशीरच होतो. जंजिऱ्याची शिडाची होडी दोन-तीनदाच मिळाली. एरवी किनाऱ्यावरूनच हात जोडून परत.

हल्ली भरतीची वेळ मोबाईलवर दिसते. तरी काका आधी बोटांवर गुणाकार करतात, मग आमच्या मोबाईलकडे बघतात. किल्ल्यापर्यंत चालणं आता त्यांना झेपत नाही. ते वाळूत सगळ्यांच्या चपलांची रांग लावून शेजारी बसतात, मनगटावरचं घड्याळ मांडीवर काढून ठेवलेलं. पाणी वळलं की उठून पंचा हलवतात आणि आम्ही, व्याख्यान अर्धं टाकून, निघतो.