तुम्ही विचारलंत म्हणून: हरणासाठी कुठली गोळी?

हा प्रश्न माझ्याकडे दोन तऱ्हांनी येतो. नव्याने परवाना काढलेले विचारतात, "हरणासाठी कुठलं कॅलिबर, म्हणजे किती जाडीच्या नळीचं, घेऊ?" आणि माझ्या टेबलावरचा काडतुसं भरायचा प्रेस नि बंदुकीच्या दारूचा काटा पाहिलेले विचारतात, "काडतुसं तयार मिळतात की, मग घरी भरत का बसता?" दोघांनाही माझं उत्तर एकच असतं, आणि ते कॅलिबरपासून सुरू होत नाही. हरणाला तुमची रायफल लागत नाही, दुर्बीण लागत नाही, दारूही लागत नाही. लागते ती नऊ-दहा ग्रॅमची गोळी. ती तिथे किती वेगाने पोचते आणि पोचल्यावर तिचं काय होतं, एवढ्यावर पुढचं सगळं ठरतं. बाकीची सामग्री ही त्या गोळीला तिथवर नेण्यासाठी.

शिकारीची साधी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं पातळ कवच. टोकाशी शिसं उघडं ठेवलेलं असतं, किंवा पोकळी करून तिच्यावर प्लास्टिकचं टोक बसवलेलं असतं. गोळी अंगात शिरली की ओल्या मांसाच्या दाबाने हे टोक मागे वळतं आणि गोळी पुढून रुंदावते. आपण तिला फुलणं म्हणतो. फुललेली गोळी फुफ्फुसांतून गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूचा प्राणवायू तुटतो, आणि हरीण काही सेकंदांत पडतं. ते जागच्या जागीच पडेल असं मात्र धरून चालू नका. उत्तम बसलेल्या गोळीनंतरही हरीण पन्नास-शंभर यार्ड धावू शकतं, आणि त्यात काही चुकलेलं नसतं.

चुकतं ते दोन प्रकारे. गोळी हळू पोचली, किंवा त्या वेगासाठी फार कठीण निघाली, तर ती फुलतच नाही. बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते आणि जखमी जनावर दूरवर चालत राहतं. उलट, गोळी फार नाजूक असेल तर खांद्याच्या हाडावरच तिचा चुरा होतो. छोट्या उपद्रवी प्राण्यांसाठी बनवलेल्या पातळ कवचाच्या गोळ्या हरणावर वापरल्या की हेच होण्याची भीती असते. वर मोठी जखम दिसते, आणि फुफ्फुसं शाबूत राहतात. दोन्हीकडे जनावर तळमळत मरतं, कदाचित दुसऱ्या दिवशी. मला हे सहन होत नाही. गोळीबद्दल मी इतकं बोलतो ते यासाठीच.

इथे बरेच जण थबकतात: फुलणाऱ्या गोळीवर तर बंदी आहे ना? युद्धात आहे. १८९९ सालच्या हेगच्या जाहीरनाम्याने ती घातली, आणि त्या गोळीला 'दमदम' हे नाव मिळालं ते कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारावरून. शिकारीचा कायदा अनेक ठिकाणी बरोबर उलटं सांगतो. इंग्लंड-वेल्सचा १९९१ चा हरीण कायदा रायफलच्या गोळीचं टोक मऊ किंवा पोकळच असावं अशी अट घालतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातही हरणासाठी फुलणारीच गोळी लागते, आणि तिचा व्यास निदान ०.२४ इंच असावा लागतो. सैनिकाला लढाईतून बाहेर काढणं आणि जनावराला लवकर मरण देणं ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून नियमही वेगळे.

आता वेगाचं बघू, कारण निवडीचा गाभा तोच आहे. साधी शिशाची गोळी नीट फुलायला पोचताना साधारण १८०० फूट प्रतिसेकंद वेग लागतो. १९०६ पासून वापरात असलेल्या .३०-०६ या काडतुसातून १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेदहा ग्रॅमची गोळी साधारण २९०० फूट वेगाने निघते, आणि ३०० यार्डांवर पोचेतो तिच्या आकाराप्रमाणे २१०० ते २३०० पर्यंत उतरते. हरणासाठी हे पुरेसं आहे. उलट बाजूला १८९५ सालचं .३०-३० काडतूस घ्या. त्याची १७० ग्रेनची गोळी नळीतूनच सुमारे २२०० ने निघते. दोन्ही गोळ्यांचा व्यास एकच, ०.३०८ इंच. पण .३०-३० ची गोळी त्या कमी वेगाला फुलावी म्हणून मऊ घडवलेली असते, आणि मोठ्या मॅग्नम काडतुसासाठीची गोळी ३००० च्या पुढे टिकावी म्हणून टणक. ही टणक गोळी .३०-३० मध्ये भरली तर शंभर यार्डांवरच ती न फुलता निघून जाईल. म्हणून 'थर्टी कॅलिबरची चांगली गोळी सांगा' या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठल्या वेगाला चांगली, ते आधी सांगा. (नळीसारख्या मॅगझिनच्या .३०-३० मध्ये कठीण टोकदार गोळी कधीच भरू नका. तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीवर, टेकलेलं असतं.)

गोळी फुलावी आणि फुटू नये, या पेचावर पहिलं मोठं उत्तर जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याने काढलं. १९४६ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर, म्हणजे हरणाच्याच कुळातल्या अवाढव्य जनावरावर, त्यांच्या वेगवान रायफलच्या गोळ्या आत शिरायच्या आधीच फुटल्या. त्यांनी गोळीच्या मध्ये तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत घातली: पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत जातो. ती पार्टिशन गोळी अजून बनते, आणि अजून चांगलीच आहे. पुढे शिसं कवचाला चिकटवलेल्या बाँडेड गोळ्या आल्या, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी बार्न्स कंपनीने अख्ख्या तांब्याची, टोकाशी पाकळ्यांसारखी उलगडणारी गोळी आणली. मध्यम अंतरावरच्या हरणाला खरं तर एवढ्याची गरज नसते. हरणाची छाती अरुंद, फासळ्या पातळ. साधी, जरा जड, मध्यम वेगाची शिशाची गोळी तिथे उत्तम काम करते, हे मी कुणालाही खात्रीने सांगेन.

तरी मी स्वतः तांब्याकडे वळलो, आणि त्याचं कारण हरणात नाही. शिशाची गोळी फुलताना तिचे बारीक कण उडतात. मारलेल्या हरणाचे एक्स-रे काढले तेव्हा ते कण जखमेच्या मार्गापासून बरेच दूर, डोळ्याला दिसणार नाहीत असे मांसात विखुरलेले आढळले. ते मांस मी माझ्या घरच्यांना खायला घालतो. आणि मागे टाकलेली आतडी गिधाडं, गरुड खातात. कॅलिफोर्नियाचे काँडर, म्हणजे तिथली प्रचंड गिधाडं, १९८२ मध्ये अवघे बावीस उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा मोकळा पक्षीही पकडून पिंजऱ्यात आणावा लागला, तेव्हा कुठे ती जात वाचली. पुन्हा सोडलेल्या काँडरांच्या मरणाचं सगळ्यात मोठं कारण आजही शिशाची विषबाधा हेच आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीत शिशाची गोळी बंद केली. माझ्या मते हे इतर ठिकाणीही व्हायला हवं.

तांबं मात्र शिशाची नक्कल करत नाही. त्याची घनता ८.९, शिशाची ११.३. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते. लांब गोळी स्थिर उडायला नळीतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या खाचांना, जास्त पीळ लागतो, आणि ती काडतुसाच्या पुंगळीत खोल बसून दारूची जागा खाते. शिवाय बऱ्याच तांब्याच्या गोळ्यांना फुलायला २००० च्या आसपास वेग लागतो. म्हणून शिशाच्या सवयीने वजन निवडू नका. एक पायरी खाली या. .३०८ मध्ये शिशाची १५० ग्रेनची वापरत असाल तर तांब्याची १३० ची घ्या. ती वेगाने पोचेल, आणि वजन जवळजवळ सगळं टिकवत असल्यामुळे खोलवरही जाईल.

आणि इथेच घरी भरण्याचं उत्तर येतं. मला हवी ती गोळी, माझ्या काडतुसात, माझ्या नळीला झेपेल त्या वजनात, तयार मिळेलच असं नसतं. भरली की ती मिळते. क्रोनोग्राफवर तिचा खरा वेग मोजता येतो. खोक्यावर छापलेला वेग बहुतेक वेळा लांब चाचणी-नळीतला असतो, तुमच्या आखूड नळीतला नव्हे. मग पोचण्याचा वेग कुठल्या अंतरावर फुलण्याच्या मर्यादेखाली जातो, ते काढता येतं. त्या अंतरापलीकडच्या हरणावर मी चाप ओढत नाही. पैसे वाचतात म्हणून भरा, असं मी कुणाला सांगत नाही.

कामाची रीत थोडक्यात अशी. उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, डायमधून (साच्यातून) मापात आणायची, लांबी वाढली असेल तर छाटायची. नवा प्रायमर, मोजलेली दारू, वर गोळी. शिकारीच्या काडतुसाची पुंगळी मी मानेसकट पूर्ण मापात आणतो, म्हणजे थंडीत, हातमोजे घालूनही रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा खटका) अडकत नाही. दारूचं वजन मी इथे मुद्दाम लिहीत नाही, आणि कुणाच्या सांगण्यावरून तुम्हीही ते घेऊ नका. दारू आणि गोळी बनवणारे तपासलेली कोष्टकं छापतात. त्यांतल्या सुरुवातीच्या आकड्यापासून निघायचं. .३०-०६ मध्ये दाब प्रति चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जातो, तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर. चपटा झालेला प्रायमर, जड उचलला जाणारा बोल्ट या खुणा दिसतात तेव्हा मर्यादा बहुधा आधीच ओलांडलेली असते. गोळी, प्रायमर, दारू किंवा पुंगळी यांतलं काहीही बदललं तर पुन्हा खालून सुरुवात. कोष्टकाच्या खाली जाणंही सुरक्षित नाही, काही मंद जळणाऱ्या दारू कमी भरल्या तर धोका वाढतो. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरीने डोकावायचं. हे करताना फोन दुसऱ्या खोलीत असतो.

नेमकेपणाबद्दलही खूप विचारता. पांढऱ्या शेपटीच्या मोठ्या हरणाची हृदय-फुफ्फुसांची जागा सुमारे आठ इंचांची असते. शंभर यार्डांवर एक इंचात बसणारा बार अर्ध्या इंचात आणण्यासाठी हंगाम घालवू नका. तीन गोळ्यांचा सुंदर झुबका, म्हणजे कागदावर जवळजवळ पडलेली भोकं, तर बरेचदा नशिबाचाच असतो, दहा झाडा मग बघा. आणि झुबक्याच्या मोहाने स्पर्धेची गोळी शिकारीला नेऊ नका. तिच्या टोकाचं भोक ती बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, फुलण्यासाठी ठेवलेलं नसतं. सिएरा कंपनी स्वतःच आपली मॅचकिंग ही स्पर्धेची गोळी शिकारीसाठी सुचवत नाही.

हरीण सोलताना मी दर वेळी फुफ्फुसं आणि बाहेर पडण्याची जखम बघतो. अंतर, वजन, मोजलेला वेग आणि हरीण किती धावलं ते वहीत लिहितो. कागदावर कितीही चांगली दिसणारी गोळी या वहीत नापास झाली की ती बंद.

तर पहिल्यांदाच घेणार असाल तर .२४३, .२७०, ६.५ क्रीडमूर, .३०८, या काडतुसांतलं ज्याचा धक्का खांद्याला सोसेल ते घ्या. शक्य असेल तर तांब्याची, नाहीतर कॅलिबरला मध्यम वजनाची, हरणासाठी म्हणूनच विकली जाणारी गोळी निवडा. तिची एकाच लॉटची काडतुसं सरावापुरती नि हंगामापुरती एकदम घ्या. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, जसा बार प्रत्यक्षात घ्याल तसा सराव करा, आणि आठ इंचांच्या चकतीत दर वेळी गोळी बसते ते अंतर शोधा. प्रेस त्यानंतर घ्या. पुंगळ्या तोवर जपून ठेवा.