कणकुंबीची थंडी आणि ट्रेलरची जमीन

बेळगाव सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की झाडी दाट होत जाते. पुढे कणकुंबी, मलप्रभेचा उगम, आणि मग चोर्ला घाट. डिसेंबरात या पट्ट्यात कॅम्पर ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायच्या, झोपण्याची सोय असलेल्या डब्यात) मुक्काम करायचा तर आम्ही गादीआधी जमीन बघतो. पत्र्याखालून रात्रभर वारा खेळतो. वरून कितीही घोंगडी घ्या, पाठ गारठतेच.

आमच्या ट्रेलरची जमीन 8 बाय 4 फूट, लोखंडी पत्र्याची. आधी गंज घासून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल रंग, मारला. त्यावर 40 मिमी रुंद, 25 मिमी जाड लाकडी रिपा (पट्ट्या): चारी कडांना आणि मध्ये आडव्या तीन. त्यामुळे 1140 बाय 560 मिमीचे चार कप्पे पडतात. थंडी अडवणाऱ्या एक्सपीएस फोमच्या (घट्ट, बंद छिद्रांचा फोम) 1200 बाय 600 मिमीच्या 25 मिमी जाड चार शीट त्यात छाटून बसतात. थर्माकोल वापरू नये, तो पाणी जास्त पितो.

फोमला सुताराचं नेहमीचं रबर सोल्युशन लावलं की तो बघता बघता विरघळतो आणि खाली खड्डे राहतात. सॉल्व्हंट नसलेलं, फोमला चालणारं चिकटवणंच घ्यावं. फटी पीयू (पॉलियुरेथेन) फवारा-फोमने भराव्यात, पण बेताने. तो फुगतो आणि वरचा प्लाय उचलतो, म्हणून सुकेपर्यंत वर वजन ठेवावं.

वर 9 मिमीचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, प्लाय. चारी बाजूंनी 5 मिमी जागा सोडून तिथे पीयू सीलंट भरायचं. पावसाळ्यात प्लाय फुगतो, त्याला सरकायला वाव लागतो. कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, पाणी तिथूनच शिरतं. कडा उघडी राहिली तर फोममध्ये मुंग्याही घर करतात.

सगळ्यात जपायचा तो स्क्रू. प्लायचा स्क्रू 25 मिमीचाच हवा: 9 मिमी प्लायमध्ये, 16 मिमी रिपेत, तिथेच संपला पाहिजे. लांब स्क्रू खालच्या पत्र्यापर्यंत पोचला तर तो थंडी वर आणतो. पहाटे हात फिरवला तर नेमक्या त्या डोक्यावर दवाचा थेंब लागतो आणि महिन्याभरात भोवती काळं वर्तुळ उमटतं. रिपा पत्र्याला पकडणाऱ्या स्क्रूची खाली निघालेली टोकंही सीलंटने बुजवावीत, नाहीतर चाकांनी उडवलेलं पाणी आट्यांवरून वर चढतं.

प्लायवर 2 मिमी व्हिनाइल, कडेला 2 इंच वर वळवलेलं. त्यावर 12 मिमीच्या ईव्हीए (मऊ, रबरासारख्या फोमच्या) मॅट, 2 बाय 2 फुटांच्या सात. आठवीची जागा दाराशी मोकळी, लाल मातीच्या चपलांसाठी. एकूण उंची 48 मिमी वाढते. दार आत उघडत असेल तर त्याखाली तेवढी फट आहे का, हे काम सुरू करण्याआधीच मोजावं. वजन मात्र फार नाही: प्लायचं 17-18 किलो, फोमचं तीन किलोही नाही.

जांबोटीला चहाला थांबलं की जमिनीवर चालून बघावं. करकर आली तर रीप पत्र्याला नीट चिकटलेली नाही. तो स्क्रू तिथेच आवळावा, घाटापर्यंत थांबू नये.

कणकुंबीला सकाळी पहिलं काम मॅट उचलायचं. माणसांच्या श्वासाची वाफ खाली व्हिनाइलवर बसलेली असते. कोरडं फडकं फिरवून, मॅट अर्धा तास उन्हात उभ्या करून मगच ट्रेलर घाटाकडे काढावा.