गलीनाची नदी

शिकागोहून तीन तास गाडी चालवून गलीनाला पोचलो आणि पार्किंग शोधण्यातच पाऊण तास गेला. ऑक्टोबरमधला शनिवार, मेन स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नाही. मला अशी गर्दी सोसत नाही. नवरा आणि लेक फजच्या रांगेत लागले, मी पूर अडवायचे हिरवे दरवाजे ओलांडून नदीकडे गेले.

पादचारी पुलावर उभी राहिले आणि खरंच वाटेना. एवढीशी गढूळ नदी? आपल्याकडे हिला ओढाच म्हणतील. मिसिसिपीतल्या आगबोटी इथून थेट गावात यायच्या!

गलीना म्हणजे शिशाचं खनिज. सॉक आणि मेस्क्वाकी लोक ते पिढ्यान्‌पिढ्या काढत होते. १८२० च्या दशकात बाहेरची माणसं लोटली, १८२७ साली ‘जो डेव्हिस’ नावाची काउंटी, म्हणजे जिल्हा झाला आणि गलीना त्याचं मुख्य ठिकाण. १८४५ च्या सुमारास देशातलं जवळपास ८० टक्के शिसं या भागातून निघायचं. भट्ट्या पेटत्या ठेवायला आजूबाजूच्या टेकड्या बोडक्या केल्या. पावसाबरोबर माती नदीत उतरली, पात्र गाळाने भरलं, बोटी अडू लागल्या. १८५४ मध्ये रेल्वे आली आणि नदीवरचा व्यापार हातचा गेला. ज्या शिशाने गाव वसवलं, त्याच्याच पायी नदी गेली. आज वस्ती साडेतीन हजारांच्या आत. पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून मेन स्ट्रीटवरच्या जुन्या विटांच्या इमारती टिकल्या. त्यांचे फोटो सगळे काढतात, नदीकडे कुणी वळत नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या युलिसिस ग्रँटचं घर पाहिलं, छान जपलंय.

एका दुकानात खनिजाचा लिंबाएवढा खडा घेतला. हातात घेताच मनगट खाली गेलं. खडीसाखरेसारखे चौकोनी पैलू, पण रंग ओल्या पाटीचा. हेच दळून आपल्याकडे सुरमा करायचे. माझी आजी तो डोळ्यांत घालायची. त्यात शिसं असतं हे तिला कोण सांगणार?

गाडीत बसल्यावर खडा लेकीच्या तळहातावर ठेवला.

"आई, केवढा जड आहे गं! कुठून आला?"

नवऱ्याला अंधाराआधी घरी पोचायचं होतं. तरी गाडी वळवायला लावली आणि तिला पुलावर घेऊन गेले.