मग जातवार बोर्डिंगं का काढली?

कोल्हापूरच्या दसरा चौकात पाहुण्यांना घेऊन उभा राहिलो की हा प्रश्न ठरलेला. शाहू महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार होतो, आजूबाजूच्या बोर्डिंगांच्या, म्हणजे वसतिगृहांच्या, इमारतींवरच्या पाट्या वाचून होतात, आणि मग हळूच विचारणा होते, "जात मोडायला निघालेल्या राजानं जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं, मुसलमानांचं वेगळं, अशी जातवार बोर्डिंगं का काढली हो?" परवा पुण्याच्या भाचीनंही विचारलं, जरा तिरकसपणेच. तुम्ही सगळ्यांनीच विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

महाराजांनी सुरुवात जातवार केलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. १८९४ साली राज्यकारभार हाती आला तेव्हा दरबारच्या वरच्या दर्जाच्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. दुसऱ्या कुणाला नेमावं तर शिकलेली माणसंच हाताशी नाहीत. म्हणून १८९६ साली सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह निघालं. दार सगळ्यांना उघडं, पण आत दिसू लागली ती मुख्यतः ब्राह्मणांचीच मुलं. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. शिकायची वहिवाट ज्यांच्या घरात होती ते आधी पोचले, एवढंच.

बाकीच्यांची अडचण फीच्या आधीच सुरू व्हायची. शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं कुणाकडं? गरीब ब्राह्मण मुलाला वार लावून जेवता यायचं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यातही हाल होते, टोमणे होते, पण पान मिळायचं. भुदरगडच्या धनगराच्या पोराला वार कोण लावणार? आणि महाराच्या पोराला तर पाण्याला हात लावायचीही चोरी. हे जुनंपुराणं वाटत असेल तर आज आडनाव सांगून भाड्यानं खोली शोधून बघा. "जागा कालच गेली" हे वाक्य अजून गेलेलं नाही.

मग महाराजांनी धोरण बदललं. १९०१ मध्ये मराठ्यांचं आणि जैनांचं, १९०६ मध्ये मुसलमानांचं, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि पुढं रांगच लागली. मुस्लिम बोर्डिंग चालवणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. जागा द्यायची, उत्पन्न लावून द्यायचं आणि त्या-त्या समाजातल्या चार कर्त्या माणसांच्या गळ्यात कारभार घालायचा, अशी ही रीत. आपल्याकडं जातीच्या नावानं थैली सुटते, सगळ्यांच्या नावानं सुटत नाही. हे माणूस ओळखणं होतं. आदर्शवाद्यांना ते खटकतं, मला त्यात राजकारणी म्हणून त्यांचं मोठेपण दिसतं.

माझे वडील महाराजांच्या बऱ्याच नंतर अशाच एका बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. त्यांची पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर होती. खाली घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी, वर वह्या, आणि वह्यांना शेवटच्या पानापर्यंत तेलाचे डाग. किल्ली करदोट्याला बांधलेली. चटणी चोरीला जायची, वह्यांना कुणी हात लावत नसे, असं ते सांगायचे. त्यांच्या आधी आमच्या घरात कुणाला सहीसुद्धा करता येत नव्हती.

आता तुमच्या शंकेत दम आहे तो भाग. जातवार बोर्डिंगात जातीची कुंपणंही वाढायची. त्याची सर्वांत बोलकी गोष्ट भाऊराव पाटलांची. कुंभोजचा हा पोरगा जैन बोर्डिंगात राहायचा. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला गेला, आणि परत आल्यावर शुद्धीची अंघोळ कर म्हटल्यावर साफ नाही म्हणाला. तिथून त्याला बाहेर पडावं लागलं. म्हणजे महाराजांच्याच आश्रयानं उभ्या राहिलेल्या एका बोर्डिंगानं दुसऱ्या बोर्डिंगाचा विटाळ मानला! पण गंमत पुढं आहे. याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह चालू केलं. १९२७ साली गांधीजी तिथं आले. त्या वसतिगृहाला नाव मिळालं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. ज्याला कुंपण बोचलं होतं त्यानंच हे नाव मिरवलं, याहून मोठी साक्ष मी तरी कुठून आणू?

महाराजांनाही ही कुंपणं कायमची नको होती, असं मला वाटतं. राहायला वेगवेगळं चाललं, पण शाळेत त्यांनी तसं चालू दिलं नाही. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांच्याच शाळेत बसवायचा हुकूम निघाला. त्याआधी, १९१७ मध्येच, प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं होतं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला रुपया दंड होता. तेव्हाचा रुपया, भावा! १९२२ साली महाराज गेले तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती. पुढची पायरी त्यांच्या हातून राहिली की त्यांनी ती आपल्यावर सोडली, यावर आमच्यात अजून वाद होतात.

भाचीचा पुढचा सवाल होता, "मामा, मग त्या पाट्या आता कशाला?" माझं मत सांगतो. बोर्डिंगं राहू द्यावीत, खेड्यातल्या मुलांना खोल्या आजही मिळत नाहीत. पण आत कुणी राहायचं ते गरजेवर ठरावं आणि पाटीवरची जात पुसावी. हे मी आमच्या कट्ट्यावर बोललो तर त्या दिवशी माझा चहा मलाच भरावा लागतो.