चारही इंटरफेस अप, तरी पान उघडेना

गेल्या जुलैत, विवरणपत्रांची मुदत तोंडावर आलेली असताना, सांगलीतील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात मी सिस्कोचा जुना राउटर नव्या फायबर जोडणीवर चढवला. बाहेरच्या फिजिकल पोर्टवरचा पत्ता काढून त्याला नो शटडाउन (पोर्ट चालू करणारी आज्ञा) देणे, पुरवठादाराच्या व्हीलॅनचा (एकाच तारेवरच्या क्रमांकित आभासी जाळ्याचा) सब-इंटरफेस, म्हणजे त्याच पोर्टचा आभासी भाग, करणे आणि पीपीपीओईसाठी (नाव-पासवर्ड देऊन जोडणी उभी करण्याच्या पद्धतीसाठी) डायलर हा आभासी इंटरफेस बांधणे हे सगळे तासाभरात उरकले. इंटरफेसची, म्हणजे राउटरच्या खऱ्या आणि आभासी जोडबिंदूंची, यादी दाखवणाऱ्या ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ या आज्ञेत बाहेरचा पोर्ट, सब-इंटरफेस, डायलर आणि आतला पोर्ट असे चारही अप-अप (चालू) दिसले, पिंगही (चाचणीचे पॅकेट, म्हणजे डेटाचे पुडके) जाऊ लागला, आणि मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत तक्रार आली. काही संकेतस्थळे झटकन उघडत होती, तर काहींवर ब्राउझरचे चक्र नुसते फिरत राहत होते. पुढचे अडीच दिवस यातच गेले. पुरवठादाराच्या मदत क्रमांकावर मी चार वेळा बोललो आणि चारही वेळा एकच उत्तर मिळाले: ‘सर, आमच्याकडून लिंक अप आहे, राउटर रिस्टार्ट करून बघा.’ लिंक अप आहे हे मलाही दिसत होते. माझी तक्रार ती नव्हतीच, पण त्यांच्या अर्जात दुसऱ्या तक्रारीला रकानाच नसावा. मी केबल बदलली, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलला, व्हीलॅनचा क्रमांक पुन्हा विचारून घेतला. सल्लागार साहेब दर तासाला दारात येऊन ‘इंटरनेट आलंय की नाही, तेवढंच सांगा’ म्हणत, आणि त्याचे खरे उत्तर ‘अर्धे आलेय’ असे होते.

शेवटी विंडोजवरून, पॅकेटचे तुकडे करू नयेत असा पर्याय लावून, वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवले. १४६४ बाइटचा गेला, १४६५ चा परतलाच नाही. त्यात पॅकेटच्या शीर्षकांचे (पत्ता वगैरे माहितीचे) २८ मिळवले की १४९२ होतात, आणि इथे डोक्यात प्रकाश पडला: इथरनेटवर मावणाऱ्या कमाल १५०० बाइटपैकी ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेते. पॅकेट मोठे आहे हा निरोप ज्या सर्व्हरपर्यंत वाटेतल्या फायरवॉलमुळे पोहोचत नाही, तो १५०० चीच पॅकेटे पाठवत बसतो. घाईत मी फिजिकल पोर्टचाच एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) कमी केला आणि दुखणे जागच्या जागी राहिले. तो आकडा डायलर या लॉजिकल इंटरफेसवर द्यायचा असतो: तिथे आयपी एमटीयू १४९२, आणि आतल्या पोर्टवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या नुसत्या डेटाची मर्यादा) १४५२, कारण आयपी आणि टीसीपी यांची शीर्षके आणखी ४० खातात. या दोन ओळी दिल्याबरोबर अडलेली पाने उघडली. मला आनंदापेक्षा संताप अधिक आला.

हे आधीच सांगायला हवे होते, पण आत्ता आठवले: प्रत्येक सब-इंटरफेसला डिस्क्रिप्शन द्यावे आणि त्याचा क्रमांक व्हीलॅनचाच ठेवावा, राउटरला त्याने फरक पडत नाही, रात्री फोनवर दुसऱ्याला समजावताना पडतो. आणि काम होताच राइट मेमरी (सेटिंग कायम साठवणारी आज्ञा) द्यावे. मी ते दिले नव्हते. संध्याकाळी लाइट गेली, आली, आणि राउटर पुन्हा कोरा झाला. बाकीचे मला तोंडपाठ होते. १४५२ तेवढा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकतीस तारखेच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिलेला सापडला.